बिनझडपांचे इंजिन

जालन्यात समुद्र नाही. मुंबईचा किनारा येथून सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे, आणि गोदावरी वाहते ती जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून, अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांना स्पर्श करीत. जालन्याला येते ते भंगार. येथील पोलाद कारखाने लोखंडाचे भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार करतात, आणि त्या भंगारात ठिकठिकाणची मोडकी यंत्रे असतात. अशाच एका ढिगातून बाजूला टाकलेले होडीचे एक छोटे इंजिन आमच्या हाती लागले. त्याचा बहुतेक भाग ॲल्युमिनियमचा, म्हणून लोखंडाच्या भट्टीला ते नको होते. आम्ही ते वजनावर विकत घेतले.

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे हे इंजिन. वर सिलिंडर, खाली पाण्यात बुडणारा पंखा आणि दोहोंना जोडणारा उभा दांडा. इंग्रजीतील ‘आउटबोर्ड’ हेच नाव आपल्याकडेही रूढ आहे. पुराच्या वेळी बचाव पथकांच्या रबरी होड्यांमागे दिसते ते हेच. आमच्यापैकी कोणीही दर्यावर्दी नव्हते. घराच्या ओसरीवर एका जुन्या चादरीवर ते उघडायचे, साफ करायचे आणि जमल्यास पुन्हा चालू करायचे, एवढाच बेत होता. पण एकेक बोल्ट निघत गेला तसतसा त्या यंत्राचा शंभर वर्षांहून जुना इतिहासही उलगडत गेला. तोच येथे सांगायचा आहे.

झडपा कुठे आहेत?

इंजिन पूर्ण अडकलेले होते. प्लगच्या भोकातून डिझेल व तेलाचे मिश्रण ओतून आम्ही ते चार दिवस ठेवले. पाचव्या दिवशी फ्लायव्हील हाताने थोडे हलले. सिलिंडर निघाल्यावर सोबतच्या एका विद्यार्थ्याने लगेच विचारले, “याच्या झडपा कुठे आहेत?”

प्रश्न योग्य होता. पाठ्यपुस्तकातील इंजिनाला झडपा असतात. शोषण, संपीडन, कार्य आणि निष्कास या चार धावांत, म्हणजे पिस्टनच्या चार खेपांत, एक आवर्तन पुरे होते. केव्हा आत घ्यायचे आणि केव्हा बाहेर सोडायचे हे झडपा ठरवतात. त्या उघडण्यासाठी कॅम, कॅमसाठी दांडा, दांड्यासाठी साखळी किंवा दंतचक्रे आणि झडपा मिटवण्यासाठी स्प्रिंगा असा सगळा लवाजमा लागतो. आमच्या इंजिनात यातले काहीच नव्हते. सिलिंडरच्या भिंतीत काही भोके होती, एवढेच. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक, असे तीनच मुख्य हलते भाग.

चार धावांचे इंजिन जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये यशस्वी केले आणि १८७७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. हे पेटंट इतके व्यापक होते की दुसऱ्या कोणाला चार धावांचे इंजिन बनवणे अवघड झाले. जर्मनीत ते १८८६ मध्ये रद्द ठरले, पण मधल्या दहा वर्षांत अनेकांनी वेगळी वाट शोधली. चार धावांवर मालकी असेल, तर दोन धावांत काम का करू नये? ब्रिटनमध्ये ड्यूगाल्ड क्लार्क यांनी १८८१ मध्ये अशा इंजिनाचे पेटंट घेतले. पुढे मोटारगाडीसाठी प्रसिद्ध झालेल्या कार्ल बेंझ यांचे पहिले यशस्वी इंजिनही दोन धावांचेच होते. ते १८७९ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री मानहाइम येथे प्रथम नीट चालले.

दोन धावांत काम उरकायचे तर एक अडचण येते. जळलेला वायू बाहेर काढायला आणि ताजे मिश्रण आत घ्यायला स्वतंत्र धावा उरत नाहीत. ताजे मिश्रण कोणीतरी बाहेरून दाबाने आत ढकलावे लागते. क्लार्क यांनी त्यासाठी शेजारी दुसरा सिलिंडर पंप म्हणून जोडला. धावा वाचल्या, पण यंत्र मात्र वाढले.

इंग्लंडमधील बाथ या गावी जोसेफ डे नावाचे एक इंजिनिअर होते. पंप वेगळा कशाला, असा प्रश्न त्यांना पडला. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खाली जागा वाढते, आणि खाली येतो तेव्हा ती कमी होते. म्हणजे पिस्टनची खालची बाजू हाच एक पंप आहे. तो फक्त वाया जात होता. क्रँक ज्या पेटीत फिरतो ती क्रँककेस हवाबंद केली की काम भागले. डे यांनी १८९१ मध्ये याचे पेटंट घेतले. त्यांच्या रचनेत एकमार्गी झडप शिल्लक होती. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडे काम करणाऱ्या फ्रेडरिक कॉक यांनी सिलिंडरला तिसरे भोक पाडले. पिस्टनची खालची कडाच ते झाकू आणि उघडू लागली, आणि उरलीसुरली झडपही गेली.

आता एक फेरा कसा होतो ते पाहू. पिस्टन वर जाताना त्याच्या वर आधीचे मिश्रण दाबले जाते. त्याच वेळी खाली क्रँककेसमध्ये नवे मिश्रण ओढले जाते. ठिणगी पडते. पिस्टन खाली येताना वर शक्ती मिळते आणि खाली नवे मिश्रण दाबले जाते. उतरता उतरता पिस्टन आधी निष्कासाचे भोक उघडतो, धूर बाहेर पडू लागतो. लगेच समोरचे भोक उघडते आणि दाबलेले मिश्रण वर येऊन उरलेला धूर ढकलून देते. प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. चार धावांच्या इंजिनात तो दोन फेऱ्यांना एक असतो.

जोसेफ डे यांना या कल्पनेतून फार काही मिळाले नाही. त्यांचा व्यवसाय बुडाला, आणि १९४६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे नाव फारसे कोणाच्या लक्षात नव्हते.

एका सीलने शिकवलेला धडा

हे सारे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही एक चूक झाली. रिंगा कार्बनमुळे खाचांत चिकटून बसल्या होत्या. त्या रॉकेलात भिजवून सोडवल्या, खाचा खरवडल्या. पॉइंट घासले, कंडेन्सर स्कूटरचा बसवला, कार्बोरेटरचे जेट तारेने न टोकरता फुंकून मोकळे केले. नवी गॅस्केट कागद कापून केली. दोरी ओढली की प्लगवर निळी ठिणगी दिसे. पण इंजिन दोनदा भडकून विझे.

क्रँकच्या खालच्या टोकाला रबरी ओठ असलेले एक ऑइल सील असते. ते जुने होते, पण बाहेर तेल गळताना दिसत नव्हते, म्हणून आम्ही ते तसेच ठेवले होते. शेवटी स्कूटर दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने ऐकताच निदान केले: “साहेब, याचा दम निघून चाललाय.” चार धावांच्या इंजिनात सील गेले तर तेल गळते, इंजिन मात्र चालत राहते. येथे क्रँककेस हाच पंप आहे. सील गेले की त्यातून हवा आत-बाहेर होते, मिश्रण पातळ होते आणि वर ढकलायला दाब उरत नाही. सीलवर त्याचे माप कोरलेले असते: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगच्या दुकानात तेच माप सांगितले आणि सील मिळाले. डे यांची कल्पना नेमकी काय होती, हे आम्हाला आकृतीपेक्षा त्या एका रबरी कड्याने अधिक चांगले समजावले.

होडीच्या पाठीवर

हे इंजिन होडीला का मानवले? एक, ते हलके. दोन, त्याला तेलाची वेगळी टाकी लागत नाही. तेल पेट्रोलातच मिसळलेले असते आणि मिश्रणासोबत बेअरिंगपर्यंत पोहोचते. त्यामुळे इंजिन आडवे, उभे, तिरपे कसेही ठेवले तरी चालते. तीन, ते थंड ठेवायला पाणी भोवती अमाप असते.

अमेरिकेत येल विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ मध्ये मोटारसायकलचे इंजिन होडीमागे लावून पाहिले आणि मग त्याचा धंदा सुरू केला. त्याला खरा आकार दिला तो ओले एव्हिनरूड यांनी. त्यांचा जन्म १८७७ मध्ये नॉर्वेत झाला. लहानपणीच ते अमेरिकेत आले. उन्हात तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला ते होडी वल्हवत गेले, परत येईतो ते वितळले, आणि त्यातून त्यांना इंजिनाची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी १९०९ मध्ये त्यांनी इंजिने विकायला सुरुवात केली हे खरे. दीड अश्वशक्तीचे ते इंजिन ६२ पौंडांचे, म्हणजे सुमारे २८ किलोचे होते. पत्नी बेस यांनी जाहिराती आणि हिशेब सांभाळला. १९२१ मध्ये एव्हिनरूड यांनी ॲल्युमिनियमचा सढळ वापर केलेले दोन सिलिंडरचे हलके इंजिन आणले. आमच्या ओसरीवरचे इंजिन भट्टीला नकोसे झाले ते याच धातूमुळे.

आमच्या इंजिनाच्या पंख्यात एक मऊ धातूची पिन होती. पंखा दगडावर आपटला तर आधी ही पिन तुटते आणि आतली दंतचक्रे वाचतात. नावाडी अशा दोन-चार पिना खिशात बाळगतो. यंत्रात एक भाग मुद्दाम कच्चा ठेवायचा आणि तो बदलण्याचे काम वापरणाऱ्यावर सोपवायचे, या विचाराला वापरणाऱ्याच्या हातांवरचा विश्वास लागतो. आपल्या घरातील विजेचा फ्यूज याच जातीचा.

पिस्टनच्या माथ्यावर एक उंचवटा होता. एका बाजूने येणारे ताजे मिश्रण सरळ समोरच्या भोकातून निघून जाऊ नये, आधी वर वळावे, म्हणून तो बांध. ही जुनी रचना. १९२५ च्या सुमारास जर्मन इंजिनिअर अडॉल्फ श्नुर्ले यांनी बांधाऐवजी भोकांचीच दिशा बदलली. निष्कासाच्या दोन्ही बाजूंनी मिश्रण तिरपे आत येते, मागच्या भिंतीवर आपटून वर चढते आणि वळसा घालून धूर ढकलते. पिस्टनचा माथा सपाट झाला, पेट्रोल कमी लागू लागले. डीकेडब्ल्यू या जर्मन कारखान्याने ही पद्धत मोटारसायकलींना वापरली. त्यांच्या १९३९ च्या १२५ घनसेंटिमीटर इंजिनाच्या गाडीची दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन, अमेरिका, सोव्हिएत संघ आणि जपान अशा अनेक देशांत नक्कल झाली. यामाहाची १९५५ ची पहिली मोटारसायकल त्यांतलीच.

लूना, चेतक आणि आपण

भारतात हे इंजिन घरोघरी पोहोचले ते स्कूटरवर बसून. १९५५ मध्ये मुंबईत लँब्रेटा जुळवली जाऊ लागली. नंतर पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात व्हेस्पा बनू लागल्या. १९६१ पासून म्हैसूरची जावा आली, त्याच दशकात राजदूत आली. १९७२ हे वर्ष महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष. त्या वर्षी बजाजची चेतक आली आणि अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या कायनेटिक कारखान्यातून ५० घनसेंटिमीटरची लूना बाहेर पडली. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज येथे बजाजचा कारखाना उभा राहिला. जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती.

लूनावर दुधाच्या किटल्या गेल्या, गवताचे भारे गेले, आणि खेड्यातील शाळेवर जाणारे असंख्य शिक्षकही गेले. या गाड्यांनी लोकांना प्रवासासोबत यंत्रही शिकवले. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे, पेट्रोलात तेल किती टाकायचे ते मोजणे, सायलेन्सर भट्टीत तापवून आतला कार्बन झाडणे, ही कामे शाळेत न गेलेली मुलेही करीत. पाना, स्क्रू-ड्रायव्हर, प्लगपाना आणि थोडे धाडस एवढ्यावर इंजिन उघडता येई, कारण त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. तालुक्याच्या गावी कित्येक गॅरेजे या एका साधेपणावर उभी राहिली. आमचे निदान केले तो कारागीर त्याच परंपरेतला. होडीचे इंजिन त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले होते.

पिंपातले पाणी

नवे सील बसल्यावर परीक्षा घ्यायची होती. पाण्याशिवाय हे इंजिन चालवता येत नाही; काही मिनिटांत ते तापून पुन्हा अडकेल. दोनशे लिटरचे पिंप भरून त्याच्या काठाला इंजिन अडकवले. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या गावात पिंपभर पाणी म्हणजे लहान गोष्ट नव्हे. हे पाणी नंतर झाडांना घालू, असे आम्ही घरच्यांना सांगितले होते. पंचवीस भाग पेट्रोलात एक भाग तेल मिसळले. तिसऱ्या ओढीला इंजिन चालू झाले, आणि टिकले. ओसरीत टाळ्या पडल्या.

दहा मिनिटांनी ते बंद केले. या इंजिनाचा धूर पाण्याखालूनच बाहेर पडतो. पिंपातल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग पसरला होता आणि पेट्रोलचा वास येत होता. ते पाणी झाडांना घालता आले नाही.

हा दोष आमच्या दुरुस्तीतला होता का? काही अंशी असेल. पण मूळ कारण त्या भोकांतच आहे. छोटे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला १५ मिलिसेकंद मिळतात. त्यातील साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ५ मिलिसेकंद, आत येण्याची आणि बाहेर जाण्याची दोन्ही भोके एकाच वेळी उघडी असतात. तेवढ्यात झाडलोट उरकायची. झाडूचे काम करते ते ताजे मिश्रण, आणि त्यात पेट्रोल असते. त्यातील काही भाग धुराबरोबर न जळताच निघून जातो. जुन्या कार्बोरेटरच्या आउटबोर्ड इंजिनांत हा वाया जाणारा भाग एकूण पेट्रोलाच्या पाव हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही अधिक असतो. श्नुर्ले यांच्या वळशाने तो कमी झाला, संपला नाही.

म्हणजे झडपा काढून टाकून जे वाचले त्याची किंमत कोणीतरी भरतच होते. ती यंत्राच्या किमतीत दिसत नव्हती. ती तळ्यातील पाण्यात आणि चौकातील हवेत जमा होत होती. ही नोंद इतिहासात बरीच उशिरा झाली. अमेरिकेने १९९६ मध्ये होड्यांच्या इंजिनांसाठी धुराचे नियम केले. भारतात १९९६ पासून दुचाकीला किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइड ४.५ ग्रॅम, तर हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून ३.६ ग्रॅम अशी मर्यादा आली. २००० मध्ये दोन्ही आकडे २ ग्रॅमवर आणले गेले. १९८५ पासून चार धावांच्या हीरो होंडाने कमी पेट्रोलात धावून दाखवलेच होते. दोन धावांच्या स्कूटरी हळूहळू रस्त्यावरून गेल्या. पेट्रोल भोके बंद झाल्यावरच थेट सिलिंडरात फवारणारी सुधारित इंजिनेही आली. ती बरीच स्वच्छ होती, पण त्यांना संगणक आणि सूक्ष्म पंप लागले. ओसरीवर उघडण्याजोगी ती राहिली नाहीत. एव्हिनरूड नावाची इंजिने २०२० मध्ये बनायची थांबली. लूना २०२४ मध्ये परतली, ती बॅटरीवर.

मग दोन धावांची कल्पनाच चूक होती का? तसेही नाही. जगातील सर्वांत मोठ्या मालवाहू जहाजांची डिझेल इंजिने दोन धावांचीच असतात आणि इंधनातील जवळजवळ निम्म्या ऊर्जेचे कामात रूपांतर करतात. तेथे झाडलोट नुसत्या हवेने होते. हवा वेगळा पंखा ढकलतो, धूर माथ्यावरच्या झडपेतून जातो आणि डिझेल त्यानंतर फवारले जाते. ज्या पंपाला आणि झडपेला डे आणि कॉक यांनी रजा दिली, त्यांना तेथे परत बोलवावे लागले. दोष धावांच्या संख्येत नव्हता. पेट्रोलने झाडू मारण्यात होता.

वर्गात करून पाहण्यासारखे

कोणत्याही गॅरेजात लूनाचा किंवा स्कूटरचा टाकून दिलेला सिलिंडर आणि पिस्टन मिळू शकतो. तो साबण-सोड्याने धुऊन वर्गात आणावा. पेट्रोल मुळीच नको, आणि चालू इंजिन बंद खोलीत तर कधीच नको. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. विद्यार्थ्यांनी पिस्टन हाताने हळूहळू खाली सरकवावा. कोणते भोक आधी उघडते? दुसरे उघडेपर्यंत पिस्टन किती मिलिमीटर सरकतो? दोन्ही उघडी असण्याचे अंतर एकूण धावेच्या किती टक्के आहे? पिस्टनच्या माथ्यावर उंचवटा आहे की तो सपाट आहे, यावरून रचना श्नुर्ले यांच्या आधीची की नंतरची तेही ठरवता येईल. पट्टी, पेन्सिल आणि एक तास एवढेच लागते.

आमचे इंजिन ओसरीच्या कोपऱ्यात लाकडी घोडीवर उभे आहे. ते पुन्हा उघडण्यासाठी आहे, चालवण्यासाठी नाही. पिंप मात्र तीनदा धुवावे लागले.